परक्या देशातील दवाखाना आणि बाईची भाषा

१ मार्च २०२५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी एक आदेश काढून इंग्रजी ही त्या देशाची अधिकृत भाषा असल्याचे जाहीर केले. या घोषणेची चर्चा झाली ती बहुतांशी राष्ट्राभिमानाच्या अंगाने. तिच्या पोटातील एका कलमाकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. ऑगस्ट २००० मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी काढलेला एक आदेश या कलमाने रद्द झाला. सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थांनी, इंग्रजी न येणाऱ्या माणसालाही आपल्या सेवेचा खराखुरा लाभ घेता येईल अशी तजवीज करावी, असे तो जुना आदेश सांगत होता. १९६४ चा नागरी हक्कांचा कायदा अद्याप जागेवर आहे, त्यामुळे रुग्णालयांची जबाबदारी एका फटक्यात संपली असे म्हणता येणार नाही. परंतु कायदा पुस्तकात असणे आणि तो पाळला जावा म्हणून सरकारने मागे लागणे यात किती अंतर असते, हे कार्यकर्त्यांना सांगावयास नको.

कचेरीतला अर्ज चुकला तर तो पुन्हा भरता येतो. आगगाडी चुकली तर दुसरी मिळते. भाषेच्या अभावी जे कायमचे बिघडते ते दवाखान्यात, आणि सर्वांत अधिक स्त्रियांच्या दवाखान्यात. म्हणून या आदेशाचा विचार राष्ट्रभाषेच्या चौकटीत न करता, परक्या मुलुखात आरोग्य केंद्राच्या दाराशी उभ्या असलेल्या एखाद्या बाईच्या बाजूने करावयास हवा.

ही बाई कोण असते? कधी ती इतरांच्या घरची धुणीभांडी करणारी असते, कधी गोठ्यावर काम करणाऱ्या मजुराची बायको, कधी शिवणकामाच्या कारखान्यातील कामगार. संगणकाच्या नोकरीनिमित्त गेलेल्या नवऱ्याच्या मागे गेलेली सुशिक्षित मराठी मुलगीही जर्मनीत वा जपानमध्ये याच रांगेत उभी असते. तिचे इंग्रजी तेथे कामाला येतेच असे नाही. केंद्र घराजवळ असते, पुष्कळदा विनामूल्यही असते. बाजारात बोट दाखवून भाजी घेता येते, आणि दुखते कोठे तेही बोटाने दाखविता येते. पण शेवटची पाळी केव्हा आली, याआधी गर्भ पडला होता काय, कोणते औषध सोसत नाही, हे मूल हवे आहे की नको, आणि अंगावरचा हा वळ कशाचा, या प्रश्नांची उत्तरे खुणांनी देता येत नाहीत.

शिवाय देहासंबंधी स्त्रिया जी भाषा बोलतात ती शब्दकोशातली नसते. मराठी बाई ‘कावळा शिवला’ म्हणते, ‘दिवस गेले’ म्हणते, ‘अंगावरून पांढरे जाते’ म्हणते. म्हातारपणी गर्भाशय खाली सरकले तर ‘अंग बाहेर येते’ असे ती सांगते. यांतील प्रत्येक शब्दप्रयोग जसाच्या तसा दुसऱ्या भाषेत घातला तर डॉक्टरने बुचकळ्यात पडावे असाच आहे. लाजेने आणि पिढ्यान् पिढ्यांच्या गुप्ततेने घडविलेली ही भाषा आहे आणि जगातल्या बहुतेक भाषांची या बाबतीतली रीत अशीच आहे. तेव्हा दोन भाषा येणारा कोणीही माणूस येथे दुभाषी म्हणून चालत नाही. ही आडवळणाची भाषा उकलता येणारी आणि जिच्यापुढे बाई ती बोलू शकेल अशी व्यक्तीच लागते.

ती नसेल तर काय होते याचा दाखला अमेरिकेतच, न्यायालयाच्या दप्तरात नोंदलेला आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस आणि १९७० च्या दशकाच्या आरंभी लॉस एंजेलिसच्या काउंटी रुग्णालयात मेक्सिकन वंशाच्या कष्टकरी स्त्रिया बाळंतपणासाठी येत. अडलेल्या बाळंतपणात सिझेरियन करण्याची वेळ आली की, ऐन वेणांत, त्यांच्यापुढे इंग्रजीत छापलेले कागद धरले जात. सही केल्याखेरीज दुखणे थांबविण्याचे औषध मिळणार नाही, असे आपल्याला सांगण्यात आल्याचे काहींनी पुढे शपथेवर सांगितले. त्या कागदांत केवळ सिझेरियनची संमती नव्हती, गर्भनलिका बांधण्याचीही होती. ज्यांना स्पॅनिशमध्ये दोन शब्द सांगण्यात आले त्यांना ‘बांधणे’ हा शब्द ऐकू आला, आणि जे बांधले ते पुढे सोडता येईल अशी त्यांची साहजिकच समजूत झाली. काहींना तर आपल्यावर अशी शस्त्रक्रिया झाली आहे, याचाच पत्ता पुष्कळ काळ नव्हता. त्याच रुग्णालयातील बर्नार्ड रोझेनफेल्ड या तरुण डॉक्टरने हे बाहेर आणले. अँटोनिया हर्नांडेझ आणि चार्ल्स नॅबरेट या वकिलांनी १९७५ मध्ये दहा स्त्रियांच्या वतीने दावा लावला. डोलोरेस माद्रिगाल ही त्यांतली पहिली फिर्यादी, म्हणून तो खटला तिच्या नावाने ओळखला जातो.

१९७८ च्या जूनमध्ये निकाल लागला तो स्त्रियांच्या विरुद्ध. न्यायाधीश जेस कर्टिस यांचे म्हणणे असे पडले की, हा सारा डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातील संभाषण तुटल्याचा परिणाम आहे. डॉक्टरांच्या हेतूत खोट नव्हती. या स्त्रियांच्या संस्कृतीत मातृत्वाला किती महत्त्व आहे, हे सांगण्यासाठी त्यांच्याच बाजूने मानवशास्त्रज्ञ कार्लोस वेलेझ-इबान्येझ यांची साक्ष झाली होती. न्यायाधीशांनी ती साक्ष उलटी फिरविली. स्त्रियांना झालेले दुःख त्यांच्या विशिष्ट संस्कृतीमुळे झाले आणि डॉक्टरांना त्या संस्कृतीची कल्पना असणे शक्य नव्हते, असा अर्थ त्यांनी लावला.

‘संभाषण तुटले’ या शब्दांपाशी थोडे थांबले पाहिजे. जणू काही वादळात तार तुटावी तसे ते आपोआप तुटले! एका बाजूला पगारी डॉक्टर, छापील कागद, भुलीचे औषध आणि शस्त्रक्रियेचे टेबल; दुसऱ्या बाजूला वेणांनी व्याकूळ झालेली आणि कागदावरचे अक्षर न कळणारी बाई. कागद स्पॅनिशमध्ये छापणे कोणाच्या हाती होते? स्पॅनिश बोलणारी माणसे त्या शहरात लाखांनी होती, त्यांतली एखादी त्या दालनात नेमणे कोणाच्या हाती होते? भाषेची अडचण ही रुग्णाची उणीव आहे, असे एकदा गृहीत धरले की संस्थेची सगळी कसूर तिच्या आड लपते. कर्टिस यांचा निकाल हे त्या गृहीतकाचे शुद्ध रूप होते.

खटला हरला तरी लढा फुकट गेला नाही. तिकडे न्यूयॉर्कमध्ये हेलन रॉद्रिगेझ-त्रीआस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नसबंदीतील जुलमाविरुद्ध चळवळ उभारली होती, तिचाही रेटा होता. केंद्र सरकारच्या पैशाने होणाऱ्या नसबंदीसाठी १९७८ मध्ये जे नियम झाले त्यांत संमती आणि शस्त्रक्रिया यांच्यात तीस दिवसांचे अंतर आले, प्रसूतीच्या वेणा चालू असताना संमती घेण्यास बंदी आली, आणि संमतिपत्रावर दुभाषीच्या निवेदनासाठी व सहीसाठी वेगळी जागा आली. छापील कागदावरील ती एक रिकामी ओळ! पण दुभाषी हा सौजन्याचा भाग नसून संमतीचा भाग आहे, हे त्या ओळीने मान्य केले. १९०९ पासून चालत आलेला सक्तीच्या नसबंदीचा कायदा कॅलिफोर्नियाने १९७९ मध्ये रद्द केला. लॉस एंजेलिस काउंटीने माफी मागितली ती २०१८ मध्ये, म्हणजे निकालानंतर चाळीस वर्षांनी.

ब्रिटनमध्ये गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. पंजाब, गुजरात आणि सिल्हेटमधून, तसेच पूर्व आफ्रिकेतून हुसकून लावल्यामुळे आलेल्या आशियाई कुटुंबांतील स्त्रिया सरकारी रुग्णालयात जाऊ लागल्या तेव्हा त्यांचे नवरे, दीर, बहुधा शाळकरी मुले त्यांचे दुभाषी बनले. १९८० मध्ये लंडनच्या हॅकनी भागात तेथील आरोग्य परिषदेच्या पुढाकाराने एक उपक्रम सुरू झाला. वस्तीतल्याच, उर्दू, बंगाली, गुजराती, तुर्की अशा भाषा बोलणाऱ्या स्त्रिया प्रसूतिगृहात नेमण्यात आल्या. त्यांना दुभाषी न म्हणता पाठीराख्या म्हणण्यात आले आणि हा फरक केवळ नावाचा नव्हता. डॉक्टरचे बोलणे बाईपर्यंत पोहोचविणे हे त्यांचे अर्धे काम. बाईचा नकार, शंका, तक्रार डॉक्टरपर्यंत त्याच जोराने पोहोचविणे हे उरलेले अर्धे. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत या रुग्णालयाची तुलना पाठीराख्या नसलेल्या दुसऱ्या रुग्णालयाशी करण्यात आली. बाळंतपणाआधी रुग्णालयात राहण्याचे दिवस, कृत्रिम रीतीने कळा आणण्याचे प्रमाण आणि प्रसूतीचा प्रकार या तिन्ही बाबतींत पाठीराख्यांच्या बाजूने फरक दिसला. म्हणजे बाईला बोलता आले की सुरी कमी चालते, एवढाच याचा अर्थ.

सरकारनेही १९८४ मध्ये आशियाई माता व बालकांसाठी एक मोहीम काढली आणि तीत दुवा जोडणाऱ्या कार्यकर्त्या नेमल्या. तिचा उपयोग झाला नाही असे नाही. पण तिचा सूर असा होता की, आशियाई बायका दवाखान्यात उशिरा येतात, त्यांना शिकवून लवकर आणावे. त्या उशिरा का येतात, तेथे त्यांना काय ऐकून घ्यावे लागते, हा प्रश्न मागेच राहिला. सुधारणेच्या सरकारी मोहिमांची ही खोड जुनी आहे. माणूस सुधारायला निघाल्या की त्या संस्था सुधारायचे विसरतात.

नातेवाइकांना दुभाषी करण्याविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण हा उपाय सर्वांना सोयीचा वाटतो आणि फुकटही असतो. आठ-दहा वर्षांच्या मुलाने आईच्या रक्तस्रावाविषयी डॉक्टरला सांगावयाचे, किंवा गाठ कर्करोगाची आहे हे डॉक्टरकडून ऐकून आईला सांगावयाचे, ही क्रूरता आहे. नवऱ्याचे तर विचारूच नये. ज्याच्या हातचा मार खाल्ला त्याच्याच तोंडून ती तक्रार डॉक्टरपर्यंत कशी जाणार? गर्भनिरोधक हवे आहे, हे सासूच्या देखत तिच्याच मार्फत कोणती सून सांगेल? ब्रिटनमधील मातामृत्यूंची गोपनीय चौकशी करणाऱ्या अहवालांनी ही गोष्ट पुनःपुन्हा मांडली आणि इंग्रजी न येणाऱ्या प्रत्येक गरोदर स्त्रीला व्यावसायिक दुभाषी मिळालाच पाहिजे, ही २०११ च्या अहवालातील प्रमुख शिफारशींपैकी एक होती. १ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या नॉर्वेच्या कायद्याने, काही अपवाद वगळता, मुलांना दुभाषी म्हणून वापरण्यास बंदीच घातली.

इटलीतील ‘कॉन्सुल्तोरिओ’ या केंद्रांची हकीकत समाजवादी वाचकाला विशेष जवळची वाटावी. १९७१ पर्यंत त्या देशात गर्भनिरोधनाचा प्रचार करणे हाच गुन्हा होता. सत्तरच्या दशकाच्या आरंभी स्त्रीचळवळीतील मुलींनी कामगार वस्त्यांत आपली स्वतःची आरोग्य केंद्रे काढली आणि बायकांना स्वतःच्या शरीराची माहिती देण्यास सुरुवात केली. त्या रेट्यातून २९ जुलै १९७५ चा कायदा झाला आणि वस्तीवस्तीत सार्वजनिक केंद्रे आली: डॉक्टर, सुईण, समाजसेविका आणि मानसतज्ज्ञ एका छपराखाली, फी नाही. १९९८ च्या कायद्याने कागदपत्रे नसलेल्या परदेशी स्त्रीलाही गरोदरपणात व बाळंतपणात उपचाराचा हक्क दिला आणि तिची वर्दी पोलिसांना देण्यास रुग्णालयांना मनाई केली. पो नदीच्या खोऱ्यातील दुग्धव्यवसायात पंजाबी मजूर मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्यामागून गेलेल्या स्त्रिया ज्या दारातून आत जातात ते हे दार. येथील दुभाषीला ‘सांस्कृतिक मध्यस्थ’ म्हणतात, आणि ती बहुधा स्वतःच स्थलांतर करून आलेली असते. व्यवस्था निर्दोष आहे असे नव्हे. दर वीस हजार लोकसंख्येमागे एक केंद्र असे १९९६ च्या कायद्याचे माप. प्रत्यक्षात केंद्रे त्याहून बरीच कमी आहेत आणि मध्यस्थ ठरावीक वारीच येतात. वेणा काही वार पाहून येत नाहीत.

आता नेहमीचे आक्षेप. पहिला असा की, ज्या देशात राहावयाचे त्याची भाषा शिकावी. शिकावीच, कोण नाही म्हणतो? पण दिवसभर कारखान्यात किंवा घरात अडकलेल्या बाईला ती शिकण्यास वेळ आणि वर्ग कोण देतो? आणि भाषा शिकून होईपर्यंत गर्भ थांबत नाही. डेन्मार्कने जुलै २०१८ पासून, तीन वर्षांहून अधिक काळ देशात राहिलेल्या रुग्णाकडून दुभाषीचे पैसे घेण्याचा नियम केला. तो भाषा शिकण्यास उत्तेजन म्हणून केला, असे सांगण्यात आले. ज्या सरकारांना परदेशी मजुराचे हात हवे असतात पण त्याचे तोंड नको असते, त्यांना अशी उत्तेजने सुचतात. अशा नियमाने दुभाषीविना तपासणी करून घेण्याची पाळी येते ती सर्वांत गरीब बाईवर.

दुसरा आक्षेप खर्चाचा. याला ऑस्ट्रेलियाने फार पूर्वी उत्तर दिले आहे. व्हिटलॅम यांच्या मजूर पक्षाच्या सरकारने १९७३ मध्ये दूरध्वनीवरून दुभाषी पुरविण्याची सेवा सुरू केली. डॉक्टरने एक क्रमांक फिरवावा आणि पलीकडून रुग्णाच्या भाषेत बोलणारा माणूस मिळावा, अशी ती योजना. पन्नास वर्षांपूर्वीच्या यंत्रांवर जे परवडले ते आज परवडत नाही, असे कोणी सांगू नये. राहिला खिशातल्या फोनवरील यांत्रिक भाषांतराचा प्रश्न. वेळ निभावून नेण्यास ते उपयोगी आहे, आणि ज्या बाईजवळ दुसरे काहीच नाही तिने ते अवश्य वापरावे. परंतु ‘अंग बाहेर येते’ याचे यंत्राने काय करावे? आणि चुकीच्या भाषांतरावर सही कोणाची? १९७८ च्या नियमांनी संमतिपत्रावर जी जागा दुभाषीसाठी ठेवली, तेथे यंत्राला सही करता येत नाही.

भाषा आली म्हणजे सर्व झाले, असे मात्र समजू नये. बेळगावच्या कुटुंबातली सविता हलप्पनवार दंतवैद्य होती, उत्तम इंग्रजी बोलत होती. ऑक्टोबर २०१२ मध्ये आयर्लंडमधील गॉलवे येथे तिचा गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट झाल्यावर तिने गर्भपाताची मागणी केली. गर्भाच्या हृदयाचे ठोके चालू आहेत म्हणून ती नाकारली गेली आणि रक्तदोषाने एकतिसाव्या वर्षी ती वारली. तिचे शब्द तेथे सर्वांना कळत होते. अडविले ते कायद्याने, आणि तो कायदा बदलण्यास २०१८ चे सार्वमत यावे लागले. दुभाषी बाईचा शब्द पोहोचवितो; त्याला वजन आणण्याचे काम राजकारणाचे.

आणि परदेश म्हणजे विमानानेच जाण्याचा मुलूख, असेही नाही. दसरा-दिवाळीनंतर बीडहून ऊसतोडीला निघणाऱ्या जोड्यांतील कित्येक कर्नाटकातील कारखान्यांवर जातात. बेळगाव भागात मराठी समजते. पुढे कन्नड सुरू होते. फडात वेणा सुरू झाल्या किंवा अंगावरून जाऊ लागले तर ही बाई ज्या आरोग्य केंद्रात जाते, तेथे तिची अवस्था पो नदीकाठच्या पंजाबी बाईहून निराळी नसते. फरक इतकाच की तिच्यासाठी मध्यस्थाचा वारही ठरलेला नसतो. जून २०१९ मध्ये विधिमंडळात सरकारनेच सांगितले की, बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ स्त्रियांची गर्भाशये काढण्यात आली. तेथे तर डॉक्टर आणि बाई दोघेही मराठी बोलत होते. ‘पिशवी काढून टाका, कटकट संपेल’ हे वाक्य शुद्ध मराठी आहे. पिशवी काढल्यावर कोणती दुखणी मागे लागतात, हे त्या मराठीत किती जणींना सांगितले गेले?

नसबंदी शिबिरांसंबंधी सर्वोच्च न्यायालयाने १४ सप्टेंबर २०१६ रोजी दिलेल्या निकालात, शस्त्रक्रियेचे परिणाम त्या व्यक्तीला समजेल अशा भाषेत समजावून सांगावेत, असे बजावले आहे. हे शब्द ऊसतोडणी कामगार स्त्रीलाही लागू आहेत, फडावरही आणि राज्याच्या सीमेपलीकडेही. मजुरी, विमा, मुलांच्या शाळा यांच्या मागण्या ऊसतोडणी कामगारांच्या संघटना दर हंगामात करतात. कारखान्याच्या परिसरातील आरोग्य केंद्रात हंगामापुरती एक मराठी बोलणारी कार्यकर्ती नेमावी आणि तिचे वेतन कारखान्याने व दोन्ही राज्य सरकारांनी मिळून द्यावे, ही मागणी त्या यादीत घालण्यास यंदाच्या गाळपाच्या आधी वेळ आहे.